युरोपीय कायदा, आता ऐच्छिक

२४ जून २०१६, सकाळी
निकाल लागला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर. आमच्या स्कॉटलंडने राहू म्हटलं होतं, पण विचारतो कोण! इतकी वर्षं मी इथल्या विद्यापीठात मुलांना युरोपीय कायदाच शिकवतोय. बायको, एल्सपेथ, म्हणाली, इनिस, तुझ्या नोकरीचं काय रे? म्हटलं, वेडी आहेस. घटस्फोट निघाला की वकिलांचीच चलती. आता माझ्या वर्गाला रांगा लागतील.
न्याहारी मात्र तशीच राहिली. बहुतेक कालचा मासा.

२६ जून
संकल्प. माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती नाताळपर्यंत.

९ जानेवारी २०१७
पुस्तक सुरू केलेलं नाही. मुद्दामच. कायदे स्थिरावू देत.

१४ मार्च २०१९
विभागप्रमुख गेडिसबाईंनी बोलावलं. त्या म्हणाल्या, तुमचा विषय आता सक्तीचा नाही, ऐच्छिक. म्हणजे निवडक हुशार मुलंच येणार. एक प्रकारे बढतीच!
एल्सपेथ म्हणाली, आणि कोणी निवडलाच नाही तर?
मी सुपात मीठ घातलं, दुसऱ्यांदा.

२० सप्टेंबर २०२१
ग्रीक, पोलिश मुलं आता येत नाहीत. संघ सुटला तशी त्यांची फीमाफी गेली. वर्गात एकटी मेरेड रँकिन. सर, बाकीचे कुठायत, म्हणाली. म्हटलं, पाऊस आहे ना.
तिला डब्लिनला जाऊन तिथली सनद घ्यायचीय, आयर्लंड अजून संघात आहे ना. इथल्या सनदेवर युरोपच्या कोर्टात उभं राहता येत नाही. मी म्हटलं, थांब थोडी, आपण परत जाऊ संघात. ती म्हणाली, सर, तोवर मी म्हातारी होईन हो.
हसलो.

१ नोव्हेंबर
मेरेड गेली. शिफारसपत्र मीच दिलं. उत्तम लिहिलं होतं.

१७ जानेवारी २०२२
ऐच्छिक वर्ग बंद झाला, म्हणून आजपासून मी पहिल्या वर्षाला जमिनीचा कायदा शिकवणार. पंचवीस वर्षांत उघडून पाहिला नव्हता. पण कायदा तो कायदाच, दोन संध्याकाळी पुरतील असा हिशेब होता.
हॉल गच्च भरलेला. एका मुलीने विचारलं, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली तर तोडायची का? मी म्हटलं, युरोपच्या दृष्टीने पाहिलं तर... सगळा हॉल हसला. तास लवकर सोडला, आणि मुलं पांगेपर्यंत संडासात कडी लावून बसलो.
घरी एल्सपेथने विचारलं, कसं झालं? झकास, म्हणालो. ती घरखर्चाची वही काढून बेरजा करायला बसली.
तीही घाबरली असावी.