निळ्याखालचं लाल

अल्लाहच्या नावाने. मी, हमदा बिन्त सुवैलिम, मरहूम ऊदा यांची विधवा, राहणार अल-अरीशच्या दक्षिणेची वाडी, वय सत्तरीच्या पुढे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र शाळेच्या बाई रौदा यांच्याकडून लिहवून घेते. ‘दबावाशिवाय’ लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. दबाव जन्मभर होता; आज माझा मुलगा ईद बाजारात गेलाय, एवढंच. तो परतायच्या आत आटपायचं आहे.

१. घर, खजुरी आणि उंटीण ईदकडे जातील. जाऊ देत.

२. धर्माप्रमाणे तिसरा हिस्सा वारस नसलेल्याला देता येतो. तो मी माझी सून नुवैर, मरहूम रबीची बायको, हिला देते: सगळ्या शेळ्या आणि दोऱ्यांची पेटी. शेळ्या चालतात, घर चालत नाही, म्हणून शेळ्या. समजायचं त्यानं समजावं.

३. माझ्या चांदीच्या नाण्यांच्या बुरख्यावर जावेचा डोळा आहे. तिला देऊ नये. शेजारणीला द्यावा, म्हणजे जाऊ तो रोज बघेल.

४. माझा निळा झगा. परक्या माणसाला कळावं म्हणून सांगते: आमच्यात नवरा असलेलीच्या झग्यावर लाल भरतकाम, विधवेच्या झग्यावर निळं. विधवेला पुन्हा संसार मांडायचा असेल तर ती निळ्यात लाल भरते. तोंडानं मागायचं नसतं.

ऊदा गेल्यावर काही वर्षांनी मी उजव्या मनगटाशी लाल फुलं भरली. फ्रेज नावाचा उंटवाला विहिरीवर येई; त्याची बायको वारली होती. दोर ओढताना मी बाही पुढे केली. त्यानं पाहिलं आणि माझी घागर आधी भरून दिली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, हे लिही बाई.

दीर मुसल्लम यांनीही पाहिलं. ओरडले नाहीत. निळ्या दोऱ्याची लड माझ्यापुढे टाकून म्हणाले, “वहिनी, दोरा कमी पडला वाटतं.” सासूबाई शेजारी बसल्या आणि माझ्याच हातानं फुलं निळ्यानं बुजवून घेतली. पुढच्या खेपेला फ्रेजनं बाही पाहिली, मान खाली घातली आणि उंट घेऊन निघून गेला. मी नकार दिला असं तो समजला. त्याची चूक नाही. बाहीवर होतं तेच त्यानं वाचलं. तोंडावर बुरखा, परक्या पुरुषाशी बोलायची बंदी. त्याला कोण सांगणार? मग मी याच अंगणात म्हातारी झाले. आजही जीव घुसमटतो.

५. नुवैरचा झगा वाळत घालताना मला काखेखाली एक लाल फूल दिसलं, मसुराच्या दाण्याएवढं. मी तो झटकन घडी करून आत नेला. परवा ईदनं बाजारातून निळ्या लडी आणल्या आणि तिच्यापुढे ठेवून म्हणाला, “वहिनी, कमी पडायला नको. घरची विधवा घरातच बरी.” आवाज अगदी चुलत्याचा.

म्हणून माझी इच्छा अशी: मी गेल्यावर मला न्हाऊ घालण्याआधी बायकांनी माझ्या उजव्या बाहीवरचं निळं उसवावं. खाली लाल तसंच आहे. मग झगा नुवैरला द्यावा. ती तो घालून दिवसाढवळ्या विहिरीवर जाईल आणि सावकाश परतेल, किंवा परतणार नाही. ईदनं तिला अडवलं तर आईचा राग त्याच्या डोक्यावर, इथंही आणि तिथंही.

साक्षीदार: शेख अतवा, मशिदीचे इमाम (सही). जुमैआन, विहिरीचा राखणदार (सही).
अल-अरीशजवळील वाडी, १२ शाबान, हिजरी १४०८.

लिहून घेणारीची नोंद: शाईची गादी पुढे केल्यावर हमदाआजींनी अंगठा मागे घेतला.
“ही निळी आहे.”
“आजी, सगळ्यांची निळीच असते.”
“असेल. सुई आण.”
अंगठ्याच्या जागी त्यांनी लाल दोऱ्यानं एक फूल भरलं. अर्ध्यात असताना बाहेर ईदची गाडी थांबली. आजींनी हात थांबवला नाही. त्यांना आता नीट दिसत नाही. सुईत दोरा नुवैरनं ओवून दिला.