पाण्याला शीग लागत नाही

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असशील तर आधीच सांगते, इकडे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. मागच्या खोलीचं छप्पर गळत होतं ते दुरुस्त करून घेतलं, मांजरीला परत पिल्लं झाली, आणि ऑफिसात मला एकदाची खिडकीजवळची खुर्ची मिळाली. फोन तू उचलत नाहीस, आणि दर वेळी वहिनीला मध्ये घालायचं म्हणजे तिच्या डोक्याला उगाच ताप. म्हणून पत्र.

काम आहे. (बघ, बिनकामाचं तुला लिहायची सोय उरलेली नाही.) आपलं लाकडी माप तुझ्याकडे आहे. वहिनी म्हणते, तू त्यात किल्ल्या आणि विजेची बिलं ठेवतोस. ठेव बापडा. फक्त एकदा रिकामं कर, आत प्लॅस्टिकची पिशवी नीट अंथर, कारण लाकूड सुकून फटी पडल्या असतील, काठापर्यंत पाणी भर आणि ते पाणी मोजून मला आकडा कळव.

तुला ठाऊक आहे, जुनी मापं लिटर-किलोत बसवायची हेच माझं काम. लोक येतात आणि सांगतात, आमचं शेत दहा मापांचं. म्हणजे पेरायला दहा मापं बी लागतं एवढं. कागदावर हवेत हेक्टर. मग माप केवढं, कोणत्या धान्याचं, हे शोधत बसायचं. साहेबांना यातलं काही ऐकायचं नसतं. "ताई, एका मापाचे किलो किती तेवढं सांगा." मी विचारते, कशाचे? तर म्हणतात, "कशाचेही!" तीळ आणि वाटाणा त्यांच्या लेखी सारखाच. तर असो.

या वेळी मात्र काम घरचं आहे. बाबांचा तांबडा गहू पेरायचाय. कोठीत शेवटचं पोतं उरलंय, साधारण नव्वद किलो. ओल्या फडक्यात दाणे बांधून बघितले, तर दहातले सात उगवले. मागच्या वर्षी नऊ उगवले होते. यंदा राहिलं तर पुढच्या वर्षी ते पोतं कोंबड्यांना घालायच्या लायकीचं राहील, आणि हा गहू आसपास दुसऱ्या कुणाकडे नाही, मी विचारून बघितलंय. आपलं वरचं शेत वीस मापांचं, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. पण पेरणीयंत्रवाला म्हणतो, "मला मापात नका सांगू, किलोत सांगा, माझ्या यंत्राला तेवढंच कळतं." नव्या गव्हाचा हिशेब याला चालत नाही. हा छातीएवढा वाढतो. दाट झाला की पहिल्या वाऱ्यात आडवा, विरळ झाला की तण वरचढ. एकदाच पेरायचंय. चुकलं की संपलं.

तू म्हणशील, बाबांना विचार की. विचारलं. वीस मापं, एवढंच म्हणतात.

पाणी मोजताना डोळा काठाच्या पातळीत ठेव. वरून वाकून बघू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
बडबडी


२२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. "चार लिटर नऊशे मिली." खाली सही. एवढं कोरडं पत्र वीज कंपनीसुद्धा पाठवत नाही, ती निदान "प्रिय ग्राहक" तरी म्हणते! पण तू माप रिकामं केलंस, पाणी भरलंस, मिलीपर्यंत मोजलंस. ते कार्ड मी पर्समध्येच ठेवलंय.

आकडा आला आणि मी लगेच मांडणी केली. मापाला गहू पावणेचार किलो, वीस मापांचे पंच्याहत्तर. पोत्यात नव्वद. म्हणजे पेरून वर थोडं उरेल, न उगवणाऱ्या दाण्यांची थोडीफार भर त्यातूनच घालता येईल. इतकी खूश झाले की ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. आणि चहा पिता पिताच माझ्या लक्षात आलं.

मी तुला पाणी मोजायला सांगितलं. पाण्याला शीग लागत नाही.

बी कधी काठाबरोबर मोजलंय का आपल्या घरात? विकायचं धान्य बाबा फळीने सपाट करून द्यायचे, आणि बियाण्याला मात्र शीग लावायचे, वर आणखी दाणा ठरणार नाही इतका ढीग. आपलं माप परातीसारखं उथळ आणि रुंद, त्यामुळे वरचा ढीगच पाव मापाएवढा होतो. दिवसभर मी लोकांना विचारते, "माप सपाट की शिगेचं?" आणि स्वतःच्या घरचं विचारायला विसरले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तेवढीच एक परात आणली आणि ऑफिसात गहू भरून बघितला. माझी शीग बसकी. शिपाईकाकांची उंच, पण तोलताना ढासळली. साहेबांनी हौसेने लावली आणि अर्धी टेबलावर सांडली. ज्याचा हात वेगळा त्याचं वजन वेगळं. वीस मापांत हा फरक इतका वाढतो की एका हाताने बी उरतं आणि दुसऱ्या हाताने पोतंही पुरत नाही. पुरलं नाही तर शेताचा एक तुकडा सोडायचा, हे तरी करता येईल. पण कोणता आकडा खरा हेच कळत नसेल तर सगळंच अंदाजपंचे. दोन दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही.

म्हणून विचारते. लहानपणी बाबांबरोबर बी तू मोजायचास. शीग किती उंच असायची? चार बोटं? जास्त? ओंजळीने घालायचात की एका हाताने? आठवेल ते लिही.

बाबांना करून दाखवायला सांग, असं मात्र लिहू नकोस. ते जरा थकलेत.

आणि तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. "तुझ्या हाताला बरकत नाही" हे बाबा चार लोकांत बोलले, तेही तू नवं बी आणलंस एवढ्याच कारणावरून. ते चुकलंच. तूही काही कमी नाहीस. "बरकत मापात आहे ना, मग मापच नेतो" म्हणून ते काखोटीला मारून निघालास. त्या दिवशी मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. दोघेही एकाच मातीचे, आणि मध्ये मी.

यंत्रवाला पुढच्या शुक्रवारी येतोय. लवकर लिही.

तुझी,
बडबडी


२९ ऑक्टोबर

दादा,

तुझं उत्तर आलं. "बाबांना शीग लावायला सांग आणि तोलून बघ. मला कशाला विचारतेस?" बरोबरच आहे. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं.

बाबांचा उजवा हात चालत नाही.

गेल्या महिन्यात झालं. सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि चेहरा एका बाजूला ओढला गेला. दवाखान्यात आठवडाभर होते. जीव वाचला, चालतात काठीने, पण हात लुळा पडलाय आणि बोलणं अर्धंमुर्धं येतं. तुला कळवू नकोस अशी त्यांनी मान हलवून, पलंगावर मूठ आपटून ताकीद दिली. मी ऐकलं. "बाबा बरे आहेत" लिहिताना माझं पेन अडखळत होतं रे, आणि तरी मी पुढे मांजरीच्या पिल्लांबद्दल लिहीत गेले. तू मला बडबडी म्हणतोस ते उगाच नाही. सांगायचं ते सोडून बाकी सगळं बोलते.

रागाव. पण पुढे वाच.

काल तुझं पत्र वाचून मी परात त्यांच्यासमोर ठेवली, गहू ओतला आणि म्हटलं, बाबा, शीग कशी लावायची तेवढं डाव्या हाताने दाखवता का? त्यांनी प्रयत्न केला. दाणे घातले की घसरायचे, परत घातले की परत घसरायचे. मांडीवर, जमिनीवर, सगळीकडे गहू. ते हुंदके देऊन रडायला लागले. आई गेली तेव्हासुद्धा ते आपल्यासमोर रडले नव्हते. मी परात उचलायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "थोरला."

मी म्हटलं, थोरल्याचं काय?

किती वेळ जिभेशी झगडत होते. मग डाव्या हाताने उजवा हात उचलला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "हाच... हात. त्याचा."

आधी मला कळेना. मग आठवलं. पेरणीच्या दिवशी तुम्ही दोघं आळीपाळीने माप भरायचात, आणि आई म्हणायची, पाठ फिरवली तर कुणी भरलं ते सांगता येत नाही. मी ही गोष्ट विसरले होते. ते विसरले नव्हते. बरकत नाही म्हणाले तेव्हाही त्यांना ती ठाऊक असणार, असं मला आता वाटतं.

तेव्हा तू शीग बोटांत लिहून पाठवलीस तरी माझा प्रश्न सुटणार नाही. ती तुझ्या हातात आहे. वीस मापं तू भर, मी एकेक तोलते, जे किलो येतील ते यंत्रवाल्याला सांगू. पोतं पुरलं नाही तर वरचा कोपरा पडीक ठेवू. पण आकडा खरा असेल.

आणखी एक. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघवेना, म्हणून मी बोलून बसले, "थोरला येतोय, शुक्रवारच्या आत." तुला न विचारता. त्यांनी आज सकाळी दाढी करून मागितली. आता ते दाराकडे तोंड करून बसलेत आणि मला त्यांच्याकडे बघायची भीती वाटते. तू आला नाहीस तर त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. गव्हाचं काय होईल याहून मला आता तीच धास्ती जास्त आहे.

किल्ल्या आणि बिलं काढून वहिनीकडे दे. माप पोस्टाने पाठवू नकोस.

घेऊन ये.

बडबडी