शेवटून दुसरा नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार

घेतला! आमचा खेळ घेतला! सिंगापूरवाल्यांच्या ऑनलाइन कार्यक्रमात. तेरा तारखेला, आपल्याकडचे संध्याकाळी साडेचार. एकोणतीस नव्या खेळांचे ट्रेलर दाखवणार, त्यात आमचे चाळीस सेकंद. चार वर्षं घासली त्याचे चाळीस सेकंद — असो, मिळाले हेच खूप.

झोयाला फोन केला. आधी किंचाळली. मग म्हणाली, "अगो पण ट्रेलर कुठाय?"

खरंच की. ट्रेलर नाहीच आहे!

मेलमध्ये आज पुन्हा इंग्रजीत खेळाचं वर्णन लिहिलं. लिहिता लिहिता माझं मलाच कंटाळवाणं वाटायला लागलं, म्हणून इथे मराठीत लिहून बघते. नाव 'ओहोटी'. एक बाई आहे. पाणी उतरलं की खाडीत जाते, खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, फोडते, भरती लागायच्या आत परत फिरते. कुणाला मारायचं नाही. उशीर झाला तर पाणी येतं, इतकंच. प्रोग्रॅमिंग माझं, चित्रं सगळी झोयाची. — नाही, मराठीतही फार काही भारी वाटत नाही. खेळून बघितलं तरच कळतो. आणि लोकांनी खेळून बघावा म्हणून तर हा सगळा खटाटोप.

५ नोव्हेंबर, बुधवार

सिंगापूरच्या बाईची मेल. दोन जागा शिल्लक आहेत म्हणे — अगदी पहिली, नाहीतर शेवटच्या घोषणेच्या बरोबर आधीची. शेवटची घोषणा मोठी आहे, काय ते सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत कळवा.

झोया दापोलीला लग्नात. चार वेळा फोन लावला. बंद.

शेवटी आप्पांना, म्हणजे बाबांना विचारलं. त्यांना काय कळणार व्हिडिओ गेममधलं! पण आप्पांनी तीस वर्षं गावच्या नमनात, त्या नाच-सोंगांच्या खेळात, मृदुंग वाजवलाय, कार्यक्रम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक. लगेच सांगितलं — "पयला नंबर घेवचा नाय. आमचा नमन पयला असायचा, समोर चार म्हातारी नि कुत्री. लोका यायची ती शक्ती-तुऱ्याचा सामना बघूक. दोन शाहीर सवाल-जवाबाला उभे राहायच्या जरासा आधी मांडव भरायचा. तवा वाजवायला मिळाला असता तर गो!"

पटलं. मलाही आठवतंय ते. भरलेला मांडव मिळतोय तर रिकाम्यात कशाला नाचा? 'शेवटच्या आधीची जागा द्या' असं कळवून टाकलं. हुश्श.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर झोयाकडे राजिवड्याला. ट्रेलर जोडला. झोयाची आई, फरीदाखाला, चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कोण, बँकेतली बाय? येवडी ताठ उभी राहून कालवा फोडतात काय? वाकव तिला." खाला स्वतः वीस वर्षं खाडीत उतरलेल्या. झोयाने मुकाट्याने बाईला वाकवलं. चार तास गेले त्यात. पण आता बाई खरी दिसते.

झोयाचे डोळे लाल. "झोपत नाहीस का?" विचारलं तर म्हणाली, "झोपते गो." विषय बंद.

जागेचं सांगायचं राहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

खेळ बाजारात आणणाऱ्या एका प्रकाशक कंपनीचा आज व्हिडिओ कॉल. गोड बोलले. कार्यक्रमानंतर आठवड्याभरात विशलिस्ट दहा हजारांवर गेली पाहिजे — म्हणजे खेळ आल्यावर घेऊ म्हणून दहा हजार माणसांनी नाव टाकून ठेवलं पाहिजे. गेली तर ते खेळ पुरा करायला पैशांची मदत करणार. नाही तर 'तुम्हाला शुभेच्छा.'

कॉल संपल्यावर झोयाने सांगितलं. पुण्याच्या एका स्टुडिओत तिला नोकरी मिळतेय. तिथे जाऊन राहायचं. वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. मग म्हणाली, "दहा हजार झाली तर नाय जायची. आईशप्पथ. इथंच बसून पुरा करू."

झोयाशिवाय ओहोटी नाही. मला रेषसुद्धा सरळ मारता येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं.

नीट लिहिते. साडेचारला आमच्या हॉलमध्ये टीव्ही लावून चौघं बसलो — मी, झोया, खाला, आप्पा. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातलेला! पहिला ट्रेलर व्हिएतनामच्या दोन भावांच्या खेळाचा. मधमाश्यांचा. साधासाच. पण पडद्याच्या कडेला लोकांचं लिहिणं धावत होतं ना, तिथे बदामच बदाम. 'किती गोड', 'आत्ताच नाव टाकलं'. लोक पहिल्यापासून हजर होते. सगळेच्या सगळे. ऑनलाइनला कोण जेवून-बिवून सावकाश येतंय?

पाच वाजता कुणीतरी बातमी फोडली. शेवटची घोषणा म्हणजे दोन जगप्रसिद्ध मालिकांची एकमेकांशी मारामारी — जपानी मालिकेतला तो लोखंडी हातवाला आणि अमेरिकन कार्टूनमधला मिशाळ पाणघोडा, एकाच खेळात! झालं, कडेला दुसरं काही उरलंच नाही. 'पाणघोडा कुठाय', 'पुढे चला', 'पुढे चला'. मधले आठ-दहा खेळ बिचारे त्या गोंगाटात नुसते वाहून गेले.

मग आम्ही. आमची बाई वाकली, कोयतीने कालव फोडलं — आणि कडेला 'संपवा', 'झोप आली', 'ही आजी पाणघोड्याशी लढणार का?'

चाळीस सेकंद. मग काळोख, भोंगा, आणि पाणघोडा. साडेतीन मिनिटं पाणघोडा! निवेदकाच्या डोळ्यांत पाणी.

आप्पांनी विचारलं, "आपला कधी लागतोय?"

"झाला आप्पा."

झोया उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायला. बराच वेळ पाणी पीत होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सतरा बातम्या वाचल्या. सतराच्या सतरा पाणघोड्याच्या. खाली 'याशिवाय' म्हणून यादी असते. तीन ठिकाणी आम्ही त्या यादीत. बाकीच्यांनी यादीही दिली नाही.

विशलिस्ट चारशे बारा.

मधमाश्यांचे भाऊ आठ हजारांवर गेले. पहिल्या नंबरावर आमचं नाव असतं. मी नको म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काही नाही. अंग दुखतंय. आप्पांनी डाळभात लावला. जेवले, झोपले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जरा डोकं चाललं. रागही चालला!

माझं म्हणणं असं — ही दोन हत्तींची झुंज लावायचीच असेल तर वेगळ्या दिवशी लावा. तिला गर्दी लागतच नाही, ती स्वतःच गर्दी आहे. अठ्ठावीस लहान खेळांच्या पंगतीत तिला बसवली की बाकीच्यांच्या पानात काही पडत नाही.

आप्पांना हे सगळं ऐकवलं. ते शेंगा सोलत होते. म्हणाले, "सामना नसता तर आमचा नमन बघूक ती चार म्हातारी पण नसती आली गो. मांडव त्यांच्या नावावर, बत्ती त्यांच्या नावावर. आमी त्या उजेडात नाचलो."

"मग राग नाही यायचा?"

"यायचा तर! पण सामना लागला की मृदुंग गुंडाळून मी पण पुढंच बसायचो."

त्या दिवशी दोन लाख माणसं बघत होती. पाणघोडा येणार नसता तर वीस हजार आली असती कदाचित. वीस हजार शांत बसलेली बरी की दोन लाख बोंबलणारी? मला खरंच माहीत नाही. दमले मी. आणि पाणघोड्याला शिव्या घालणं सोपं आहे हेही कळतंय. जागा त्याने नाही निवडली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

झोया आली. मी पाणघोड्याला शिव्या घातल्या, तीही म्हणाली, "मिशा उपटल्या पायजेत मेल्याच्या." हसलो दोघी. फार दिवसांनी.

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. ती अजून समजतेय की ती जागा आमच्या नशिबानं आली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सहाशे अडतीस. एक दिवस उरलाय, काय होणार आता! प्रकाशकांनी वाटही बघितली नाही, दुपारीच मेल आली. 'खेळ अतिशय संवेदनशील आहे, पण.' पण-च्या पुढचं वाचलं नाही.

झोयाला फोनवर सांगितलं. "बरं," म्हणाली. मग, "उद्या पुण्याला हो कळवते."

तिला अडवायचा मला आता काही हक्क नाही. पण कुणामुळे जातेय ते तरी तिला कळायला हवं. कार्यक्रमामुळे नाही, माझ्यामुळे. मीच चार वर्षांचं काम आप्पांच्या मांडवात नेऊन बसवलं. उद्या सकाळी जाऊन सांगणार. मग बोलली नाही माझ्याशी तर नाही बोलली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, "आता माझा ऐक."

त्या मारामारीच्या खेळातली मागची चित्रं तिची आहेत. दोन वर्षं घरी बसून काढतेय, त्याच पुण्याच्या स्टुडिओसाठी. जाहीर होईपर्यंत आईलाही सांगायचं नाही अशी सही केलेली. त्या पगारावर ती रत्नागिरीत राहिली आणि उरल्या वेळात ओहोटी काढली. तेराला घोषणा झाली, घरून करायचं काम संपलं. पुढचं काम तिथे जाऊनच.

म्हणजे चार वर्षांतली शेवटची दोन वर्षं आम्हाला पाणघोड्यानेच पोसलं.

मग तिने विचारलं, "पाणघोडा उभा असतो ना, त्याच्या मागचा ता बोटींचा बंदर मी काढलाय. बरा झालाय काय?"

तो ट्रेलर मी रोज बघितलाय. रागाने, थांबवून थांबवून. बंदर आहे त्यात? मला फक्त पाणघोडा दिसला.