एका पाखराला एक खल

आई, तू कोणावर विश्वास ठेवत नव्हतीस, आणि आम्ही तुझ्या पाठीमागे त्यावर फार हसायचो. दुकानदाराने तेल दिलं की तू बाटली उन्हात धरून बघायचीस. शेजारणीने ताट परत केलं की ते आपलंच आहे का, हे उलटं करून तपासायचीस. डॉक्टरने गोळी दिली तर आधी अर्धीच घ्यायचीस आणि उरलेल्या अर्धीकडे दिवसभर संशयाने बघत राहायचीस. बाबा म्हणायचे, "हिले देव भेटला तं हे त्याले बी राशन कार्ड मांगन." आता मी हुबेहूब तशीच झाले आहे. फरक इतकाच की मला संशयाचा पगार मिळतो. तुलाही मिळायचा म्हणा, आणि तोही संशयाचाच होता.

इथे प्रयोगशाळेत कोणी विचारलं की तुझी आई काय करायची, तर मी सांगते. आमच्याकडे आंबागडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोसा पाळतात, म्हणजे रानातलं रेशीम. पाळणाऱ्यांना अंडी सरकारी केंद्रातून मिळतात. कोषातून पाखरू बाहेर येतं, मातीच्या वाटीत अंडी घालतं, आणि मग माझी आई ते पाखरू खलात ठेचून त्याचा एक थेंब काचेवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. पाखराच्या पेशींत एक रोग लपून बसतो. तो अंड्यांत उतरतो, आणि एक आजारी अळी सगळं झाड आजारी करते. थेंबात तांदळाच्या कणीसारखे चमकणारे दाणे दिसले की त्या पाखराची अंडी जाळायची. कोषांच्या माळा ओवायला म्हणून रोजीवर लागलेली बाई सूक्ष्मदर्शकावर कशी पोचली, हेही मी सांगते. केंद्राच्या साहेबांनी निरोगी म्हणून सोडलेल्या काचेत तिने दाणे दाखवले होते. हे सांगताना मला अजून गर्व वाटतो.

तुझा नियम सगळ्या केंद्राला पाठ होता. एका पाखराला एक खल, एक काच, आणि काचेवर पाच जागा. खल होते दहा-बारा आणि पाखरं शेकड्यांनी, म्हणून दर पाखरामागे खल धुवायचा. बी.एस्सी.च्या सुट्टीत मी आले की धुण्याचं काम माझ्याकडे. एकदा तू उठलीस म्हणून मी सूक्ष्मदर्शकावर बसले, एक जागा पाहिली आणि ऐटीत म्हणाले, "साफ आहे." तू काच ओढून पुन्हा लावलीस, पाचही जागा पाहिल्यास, आणि सगळ्या बायांसमोर मला म्हणालीस, "कालेजात जाऊन डोरे फुटले काय तुहे? एका जागी नाही दिसला म्हून नाही म्हंते. चोर काय उंबऱ्यावर बसून राह्यते?" चौथ्या जागी दोन दाणे होते. बाया हसल्या. मी चार दिवस तुझ्याशी धड बोलले नाही.

आता मी काय करते ते तुला सांगते, आणि तू भुवया कशा वर करशील तेही मला दिसतंय. तुझा थेंब म्हणजे सगळं पाखरू एकत्र ठेचलेलं. आम्ही कोषातल्या किड्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या करतो, यंत्रात प्रत्येक पेशीला तिची स्वतःची चिठ्ठी चिकटते, आणि त्या घडीला त्या पेशीत कोणकोणती जनुकं कामाला लागली होती ते सगळं वाचून निघतं. एका खेपेत लाखो पेशी. पडद्यावर त्या ठिपक्यांसारख्या उमटतात, आणि सारख्या स्वभावाच्या पेशी शेजारी शेजारी पुंजक्याने बसतात. रोगाचे दाणे तयार व्हायच्या आधीच, तो नुसता पेशीत शिरलेला असताना, त्याची जनुकं त्या यादीत सापडतात. ज्या चोराला तू पाच जागी शोधायचीस, त्याला आम्ही घरात पाऊल टाकतानाच पकडतो, असं आमचे सर पाहुण्यांना सांगतात. तू मात्र पहिलाच प्रश्न केला असतास, "चिठ्ठ्या बरोबर लागल्या हे कोन पाह्यलं?"

यंदा उन्हाळ्यात मी आंबागडला जाऊन पाच घरांच्या बीजकोषांचे, म्हणजे पुढच्या अंड्यांसाठी राखलेल्या कोषांचे, नमुने आणले. पाखरं बाहेर पडायला अजून अवकाश होता. केंद्राने थोडे किडे ठेचून काचेवर पाहिले होते, साफ होते. आमच्या यंत्राने मात्र पाचांपैकी तीन घरांच्या पेशींत रोग दाखवला. सर खूश झाले. काचेला जे दिसत नाही ते आम्हाला दिसलं, यापेक्षा मोठी गोष्ट काय असणार? ते म्हणाले, अहवाल पाठवा, ती तीन घरं बीजातून बाद करा, आकडे खोटं बोलत नाहीत. अहवालावर सही माझी लागणार होती. बाद म्हणजे त्या घरांचे कोष धाग्यासाठी वाफेत जाणार आणि त्यांच्या झाडांवर यंदा अळी चढणार नाही. एका घरची बाई कोष देताना मला म्हणाली होती, "बाई, लेकरावानी राखले मी हे, पाह्यजा."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती आकड्यांच्या रांगेमुळे. तुलनेसाठी आम्ही मुद्दाम एक आजारी नमुना सगळ्यांच्या आधी यंत्रात सोडला होता. त्याच्या मागोमाग गेलेल्या पहिल्या घरात रोग बऱ्यापैकी, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात आणखी कमी, पुढच्या दोघांत नाहीच. आई, रोगाला आपल्या नमुन्यांचा क्रम कसा ठाऊक असणार? मी यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला विचारलं, प्रत्येक नमुन्यानंतर यंत्राची नळी धुतली होती का? ती म्हणाली, "हो मॅडम." मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "मी सांगते आहे ना." मी तिला सगळं पुन्हा करायला लावलं. राखून ठेवलेल्या पेशी काढल्या, आजारी नमुना पहिलाच ठेवला आणि घरांचा क्रम उलटा केला. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही." मी म्हटलं, "नाही." गुणी पोर आहे ती. तिला इतकं तोडून बोलायला नको होतं, पण बोलले.

या वेळी रोग शेवटच्या दोन घरांत निघाला, म्हणजे आता जी घरं आजारी नमुन्याच्या लगेच मागे होती त्यांच्यात, आणि आधीची तीन घरं साफ. पाचही घरं साफ होती. रोग फक्त आमच्या नळीत होता. निकाल आधी तिनेच पाहिला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "धुतली होती मॅडम, दोन्ही वेळा. पण एकेकदाच," ती म्हणाली. मी तिला चहा पाजला आणि सांगितलं की चूक माझी, किती वेळा धुवायची ते मी कुठे लिहून ठेवलंच नव्हतं. नंतर आम्ही तिसऱ्यांदा सगळं केलं, दर नमुन्यामागे चार वेळा धुऊन. रोगाचा मागमूस नव्हता. पाचही घरांचे कोष बीजाला गेले. सर थोडे हिरमुसले.

तिच्या "हो"वर माझा विश्वास का बसला नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते.

माझ्या शेवटच्या सुट्टीतली गोष्ट. मामाची पाखरं तपासायचा दिवस. तुझा धाकटा भाऊ, तुझ्याच सांगण्यावरून कोसा पाळायला लागलेला, आणि त्या वर्षी त्याची झाडं सगळ्यांत भरलेली. त्याच्या आधीच्या कोणाच्या तरी पाखरात दाणेच दाणे निघाले होते. मग मामाचं पहिलं पाखरू, त्यात दाणे. दुसऱ्यात थोडे कमी. तिसऱ्यात मोजके. तू सूक्ष्मदर्शकावरून मान वर करतेस. तुला ती उतरती रांग दिसली आहे, आई, हे मला आज कळतंय. तेव्हा मला वाटलं, तू मला पुन्हा चारचौघींत पकडायला निघाली आहेस. तू विचारतेस, "खल धुतला होता ना वो?" मी म्हणते, "हो." तू माझ्या हातांकडे बघतेस. ते ओले आहेत, कारण मी नुकतीच माठातलं पाणी पिऊन आले आहे. तू मान डोलावतेस आणि पुन्हा काचेवर वाकतेस.

तुझ्या हिशेबाने तीन पाखरं रोगी निघाली की त्या घरचा अख्खा गठ्ठा बाद. तू भावाची सगळी अंडी स्वतः नेऊन जाळलीस, कोणी म्हणू नये की बहीण होती म्हणून सोडलं. मामा दारात उभा राहून म्हणाला, "बाई, माह्या झाडावर एक अळी मेली नाही वो. तुह्यावाल्या कामातच घान असन." तू म्हणालीस, "माह्या पोरीनं धुतला खल. ते खोटं नाही बोलत." साहेबाच्या काचेवर, डॉक्टरच्या गोळीवर, सख्ख्या भावाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारी तू माझ्यावर ठेवलास. त्या वर्षी मामाने कोसा सोडला आणि वरठीच्या कारखान्यात लागला. सायकलवर जाताना आपल्या वळणावर तो मान फिरवायचा. भाऊबीजेला तू पाट मांडून बसायचीस आणि उन्हं उतरली की तो उचलायचीस. तू गेलीस तेव्हा तो आला, खांदा दिला आणि पाणी न पिता गेला.

मी धुतला नव्हता असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तुझ्यावरच्या रागात मी ते खल भराभर पाण्यातून काढत होते. तो खल धुतला की नाही हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. "माहीत नाही" एवढंच म्हटलं असतं तर तू चौथं पाखरू नव्या खलात घेतलं असतंस.

मामा आता आंबागडलाच असतो, थकला आहे. कोष आणायला गेले तेव्हा भेटला. खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि म्हणाला, "आता तं तुमच्यावाल्या यंत्रात समदं खरं दिसते म्हंतेत. तवा असतं तं समजलं असतं ना वो, कोनाचं चुकलं ते?" मी म्हटलं, "हो मामा, कळलं असतं." आणि चहा संपवून निघाले.

हे पत्र खरं म्हणजे त्याला लिहायला हवं होतं. तो जिवंत आहे, पुढचा प्रश्न विचारू शकतो, म्हणून तुला लिहिलं.