गॅझेटात सोडलेलं आडनाव

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात डबा खात होतो, तेवढ्यात सईचा फोन. लग्नानंतर आडनाव बदलणार म्हणाली. म्हटलं, बदल की. वॉरन तर वॉरन, निदान आयुष्यभर स्पेलिंग सांगत बसावं लागणार नाही. तर म्हणे वॉरन नाही, व्रोना. अ‍ॅडमच्या आजोबांचं मूळचं पोलिश आडनाव. अ‍ॅडमने अर्ज करून ते परत घेतलंय, सर्टिफिकेटही आलं. सहज विचारलं, अर्थ काय त्याचा?

"इट्स अ क्रो, बाबा. हाऊ कूल इज दॅट?"

डबा बंद करून टाकला. नंतर दिवसभर ज्याच्या त्याच्या अंगावर जात होतो. सिग्नलिंगच्या ड्रॉइंगमध्ये ज्युनियरची एक चूक निघाली, त्याला उगाच झापला. बिचारा नो वरीज, वॉडी, म्हणाला. वडगावकरचं वॉडी. या नावासाठी मी बाविसाव्या वर्षी प्रतिज्ञापत्र केलं, सरकारी गॅझेटात छापून आणलं, आणि इथे चोवीस वर्षं वॉडी.

मेधाला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तुला काय एवढं झोंबलं? तुझं आडनाव काही जात नाहीये." हिला माझं जुनं आडनाव माहीत आहे. शाळेच्या दाखल्यावर आहे. तरी असं बोलते.

कावळे. लिहिलं एकदाचं. कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वॉरनांकडे बार्बेक्यू. आता लग्न ठरलंय तर जावं लागणार. अ‍ॅडमच्या आजीकडच्या झाडून सगळ्या लोकांना बोलावलेलं. सई एकेकाची ओळख करून देत होती आणि प्रत्येक नावाचा अर्थही सांगत होती, हौस भारी. दातांची डॉक्टर मावशी, ती गोवोंब, म्हणजे कबूतर. टकला काका व्रूबेल, चिमणी. कोपऱ्यात बिअर घेऊन बसलेला सोकूव, ससाणा. त्याची बायको माहेरची सिकोरा, तो म्हणे पिवळ्या पोटाचा कुठलासा इवला पक्षी. शेजारचा चेक म्हातारा होलुब, तोही कबूतरच. मी मेधाला म्हटलं, कर्नाळा अभयारण्यात आलोय. हसली नाही.

आणि एकालाही लाज नाही. टकला व्रूबेल स्वतःच चिवचिव करून दाखवत होता. सव्वा सहा फूट उंच. सगळे हसले, तोही हसला, आणि संपलं. मला त्याचा इतका राग का आला कोण जाणे. त्याला शाळेत कोणी काही केलं नसेल का? केलं असेल तर असा हसतो कसा?

आजोबांशेजारी बसवलं मला. एक्याण्णव वर्षांचे. सोळाव्या वर्षी बोटीने आले, कारखान्यात लागले. फोरमनला व्रोना म्हणता येईना, त्याने वॉरन लिहिलं, हे वॉरन झाले. मला नाव विचारलं. सांगितलं. अर्थ विचारला. म्हटलं, वडगाव नावाच्या गावचा माणूस. म्हातारा मान हलवत राहिला. म्हणाला, आमच्याकडेही होतं हे. कोणाला बरे दिवस आले की तो गावाचं नाव लावून घ्यायचा. मग विचारलं, "अँड बिफोर दॅट?"

सॉस आणायला उठलो तो परत त्या खुर्चीवर गेलो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कालपासून हॉस्टेल आठवतंय. नको असताना.

इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष, पुणे. पितृपक्ष. मेसमधून सकाळी वरणभाताचा घास केळीच्या पानावर घेऊन हॉस्टेलमधले चौघे माझ्या खोलीबाहेर ठेवायचे आणि ओळीने हात जोडून उभे राहायचे. कावळेसाहेब, शिवा. आमचे आजोबा अडकलेत. पंधरा दिवस रोज. दार उघडलं की टाळ्या, नाही उघडलं की खिडकीतून काव काव. दुसऱ्या वर्षीही तेच. वर, कावळे म्हणजे कोणातले रे, हे वेगळंच. त्यातला एक आता मेलबर्नला असतो, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटला होता. मला ओळखलं नाही. कसा ओळखणार, मी वडगावकर. "वडगावकर म्हणजे आपल्यातलेच का?" मी नुसता हसलो होतो. त्याला काय समजायचं ते त्याने समजून घेतलं, आणि मला ते आवडलं होतं. हेही लिहायला हवं.

वडील त्याच वडगावात कावळे मास्तर. प्राथमिक शाळा, तीस वर्षं. रस्त्यात म्हातारी माणसं त्यांना वाकून नमस्कार करायची. त्यांना कोणी काव काव केलं नाही. किंवा केलं असेल, मला माहीत नाही. गॅझेटाचा कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि शाळेची वेळ झाली म्हणून गेले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सईने मराठी पत्रिका स्वतः केलीय, मोबाइलवर टाइप करून. वाचता धड येत नाही, पण पत्रिका मराठीतच हवी. "चि. सौ. कां. सई, कै. ______ यांची नात व सौ. मेधा व श्री. प्रकाश वडगावकर यांची सुकन्या." आजोबांचं पूर्ण नाव पाठव म्हणाली.

उत्तर दिलं, आजोबांची ओळ काढून टाक, हल्ली घालत नाहीत. तिचा लगेच फोन. अ‍ॅडमच्या बाजूला आजोबा आहेत, मग माझे का नाहीत? म्हटलं जागा पुरणार नाही. "बाबा, इट्स वन लाइन." म्हटलं, मी सांगतो तसं कर. इथे वाढलेल्या मुलांना हे वाक्य कळत नाही. फोन ठेवला.

मेधा म्हणाली, सांगून टाक ना तिला, त्यात काय आहे. त्यात काय आहे! आजोबा कावळे, बाप वडगावकर, मुलगी व्रोना. टूनगॅबी-गिरावीनमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत वाटायची ती पत्रिका. लोक दिवाळीपर्यंत चघळतील.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादाने सांगितलं तिला. माझ्या सख्ख्या भावाने.

आजोबांचं नाव मी देईना म्हणून तिने सरळ वडगावला फोन लावला. दादाने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, शाळेतला फोटोसुद्धा पाठवला. मागे भिंतीवर पाटी, रा. गो. कावळे, मुख्याध्यापक.

सकाळी ट्रेनने आली. चपला काढायच्या आधी फोटो पुढे केला. मी म्हटलं, हो, मग? ती रडत नव्हती, चिडलेली होती, माझ्यासारखीच चिडते. म्हणाली, पंचवीस वर्षं मला माझ्या आजोबांचं नाव माहीत नाही. अ‍ॅडमने त्याच्या आजोबांचं नाव परत आणलं आणि तू तुझ्या वडिलांचं लपवलंस. "यू वर अशेम्ड ऑफ हिम."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. हॉस्टेलचं काहीच सांगितलं नाही, तेच सांगायला हवं होतं. सोळाव्या वर्षी बोटीवर बसलेल्याचं दुःख हिला दिसतं, माझं दिसत नाही, असं काहीतरी बोललो. मेधा मध्ये पडली. सई न जेवता गेली. साबुदाणा भिजवलेला तसाच.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाला फोन. ठरवलं होतं शांत बोलायचं. पहिल्याच मिनिटाला आवाज चढला. तो नेहमीसारखा सावकाश. पोरीनं आजोबांचं नाव विचारलं, मी काय खोटं सांगू व्हय? मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. दुसरं काही सांगितलंस का?

"न्हाई. ते तुझं तू सांग."

ते कुठेच लिहिलेलं नाही आजवर. लिहितो.

वडील गेले, त्यांच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर सात-आठ बसलेले, खाली एक येईना. अकरा वाजले, बारा वाजले. ऊन डोक्यावर. दादाने सांगितलं, आईला सांभाळीन. शाळेचं वाचनालय पुरं करीन. चुलत्यांनी बांधाचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं. काही नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नावाचं बोल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, नाना, तुमचं नाव परत लावीन.

आला. लगेच. पानावर उतरला आणि भाताला चोच लावली.

मी इंजिनियर आहे. लोक मागे सरकले होते, ऊन होतं, पक्षी भुकेला होता. योगायोग. हे मी स्वतःला सव्वीस वर्षं सांगतोय. त्यानंतर चार महिन्यांत लग्न, मग व्हिसा. पासपोर्ट वडगावकर, डिग्री वडगावकर, सगळंच वडगावकर. आता कागद हलवले तर व्हिसा अडकेल म्हटलं. मग पीआर होऊ दे म्हटलं. मग सिटिझनशिप. सिटिझनशिपलाही सतरा वर्षं झाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल मेधाला नदीवरचं सांगितलं. वाटलं होतं समजून घेईल. ती भयंकर चिडली. नाव बदललंस त्याचं मला काही नाही, म्हणाली. पण ज्या बाईशी संसार केलास तिला एवढं सांगता आलं नाही? दर पितृपक्षात तू ऑफिसला लवकर का पळायचास ते आज कळलं. सकाळी चहा केला तिने, पण स्वतःचाच.

आज दुपारी पीटर वॉरनचा मेसेज, कॉफी पिऊ. अ‍ॅडमचा बाप. स्टेशनजवळ भेटलो. तोही पेटलेला. त्याला वाटतंय आपण दोघे बाप मिळून पोरांना थांबवू. आजोबांनी पत्रिकेत स्वतःचं नाव व्रोना घालायला सांगितलंय, म्हणजे मधे हा एकटाच वॉरन उरतोय. माझ्या बापाने आम्हाला शाळेत मार बसू नये म्हणून वॉरनच चालू ठेवलं, म्हणाला, आणि आता सगळे मलाच परका करतायत. खरं तर माझंच बोलत होता. मान डोलवायची सोडून मला राग यायला लागला.

मग म्हणाला, "मेट, सीरियसली. हू वॉन्ट्स टु बी अ ब्लडी क्रो?"

मी म्हटलं, माझे वडील होते. शाळेचे हेडमास्तर. अख्खं गाव उठून उभं राहायचं. नीट बोल. आवाज वाढला असणार, शेजारच्या टेबलवरची बाई वळून बघायला लागली. पीटर सॉरी म्हणाला, त्याला काहीच कळलं नव्हतं. कळणार कसं? मी त्याला कधी सांगितलं होतं? चार घोट कॉफी तशीच टाकून चालत घरी आलो. बत्तीस वर्षांपूर्वी त्या खोलीचं दार उघडून हेच बोलायला हवं होतं, चौघांच्या तोंडावर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सईला बोलावलं. आली, अ‍ॅडमला न घेता. सगळं सांगितलं, हॉस्टेल, गॅझेट, नदी. मध्ये मध्ये मेधाने सईला इंग्रजीत समजावलं. पिंड म्हणजे काय, कावळा शिवणं म्हणजे काय. सईने माझा हात धरला नाही. मग विचारलं, त्या मुलांची नावं काय? म्हटलं कशाला? म्हणाली, असंच, आय वॉन्ट टु हेट देम प्रॉपरली.

पहिल्यांदा हसलो या महिन्यात. पण लगेच तिने ऐकवलं. ते चौघे वाईट होते, दॅट्स ऑन देम. आजोबांना प्रॉमिस केलंस, दॅट्स ऑन यू. मी व्रोना होणार, ते माझं मी बघते. आजोबांची ओळ कावळेच राहणार, त्यावर चर्चा नाही. "तुझी जागा मी रिकामी ठेवलीय. यू फिल इट. सोमवारी प्रिंटरला द्यायचंय."

चिडलो. माझ्या मुलीने मला मुदत द्यावी? मेधा म्हणाली, बरोबर केलं तिने.

२३ फेब्रुवारी, रविवार

मंडळातून सकाळी दोन फोन. मुलाचं आडनाव काय, व्रोना म्हणजे काय. सांगितलं, कावळा. आणि फोन ठेवून दिला.

प्रूफ टेबलावर. "कै. रामभाऊ गोपाळ कावळे यांची नात." खाली निमंत्रक म्हणून दादा, सुधाकर रामभाऊ कावळे. मधे मी. श्री. प्रकाश रामभाऊ, आणि पुढे कोरं. पेन घेऊन दोनदा बसलो. वडगावकर लिहायला घेतलं तर हात चालेना. दुसरं लिहायला घेतलं तर ते चौघे दारात उभे. पन्नाशी उलटली माझी, आणि अजून ते दारात! स्वतःचीच चीड येते.

दुपारी वडगावला फोन लावला, दादाला विचारावं म्हणून. फोन आईने घेतला. दादा रानात गेलेला. शहाऐंशी वर्षांची झाली, ऐकू कमी येतं, पण पत्रिका झाल्याचं तिला ठाऊक होतं. म्हणाली, "वाच की मोठ्यानं. मी ऐकते."

वाचायला लागलो. गणपतीचं वाचलं, सईचं वाचलं. कै. रामभाऊ गोपाळ कावळे वाचलं तेव्हा ती हं म्हणाली. सौ. मेधा वाचलं. श्री. प्रकाश रामभाऊ वाचलं आणि थांबलो.

ती वाट बघत राहिली. मागे तिच्या अंगणात कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पुढं?"

मी म्हटलं, आई, रेंज जातेय, उद्या करतो. रेंज पूर्ण होती.