नातं खोडणार नाही

सईद दुल्हाभाई, सलाम.

आमच्या रोह्याच्या कंपनीत विषारी वायूचे मास्क पुरवायचं टेंडर तुम्ही भरलंत. नियमाप्रमाणे 'हे माझ्या बहिणीचे शोहर' असं लेखी कळवून मी त्या खरेदीतून बाजूला झाले. तेव्हापासून तुम्ही पेणला आमच्या घरी फिरकला नाहीत. आला तो अनीसाआपाचा फोन: "गो, कंपनी परदेशी. तिला काय कळतंय कोण कुणाचा? ते म्हणतात, नातं नाय असं लिहून दे."

वा! निकाहाच्या दिवशी चपला लपवल्या म्हणून साऱ्या जमातीसमोर माझ्याशी भांडलात, ते काय परक्या बाईशी?

मास्क चांगले असतील तर दुसऱ्या साहेबाच्या तपासणीतही चांगलेच निघतील. आणि नसतील, तर वायू सुटेल त्या दिवशी ते लावणाऱ्याची फुप्फुसं मी तुम्हाला आहेरात देऊ काय?

आपा फोनवर रडली. फोन ठेवल्यावर मीही रडले. तरी नातं खोडणार नाही. तुमच्या धंद्यासाठी नाही, माझ्या नोकरीसाठीही नाही.

टेंडरचा निकाल लागेपर्यंत पुरवठादाराला पत्र पाठवायला आम्हाला मनाई आहे, म्हणून हे माझ्या पर्समध्येच राहील. बहिणीच्या घरी जेवायला जायची मनाई आहे का, तेही मी कंपनीच्या वकीलबाईंना विचारलं. ती नाही, म्हणाल्या.

रविवारी येतेय. दार तुम्हीच उघडायचं.

तुमची, आता कागदावरसुद्धा, मेहुणी
नफीसा