रांगेतली माझी जागा

बाबास,
हरेशचा नमस्कार.

काल इथे गुजरातेत मुंद्र्याला माझ्या डाव्या पायाचं प्लास्टर काढलं. ऑपरेशनमध्ये हाडाला लावलेली स्टीलची पट्टी नि स्क्रू आतच राहणार. पाय वाळक्या बोंबलासारखा दिसतो. हसायचं तर हस.

परवा पेणहून भाविकाताईचा फोन आला. यंदा दिवाळीनंतर मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायला माणसांची रांग लागेल, तेव्हा माझी जागा तू जावयाला देणार म्हणे. "लंगडा रांगेत नको. एक टाच हलकी पडली की जमीन भुसभुशीत राहते, पाणी झिरपतं," असं म्हणालास. आणि माझ्यासाठी रोह्याच्या कंपनीत वॉचमनची खुर्ची बघून ठेवलीस. मला न विचारता!

खुर्ची जावयाला दे. त्याला बसायला आवडतं.

दवाखान्यातून मी खोलीवर गेलोच नाय. शेजारच्या बांधकामावर ओल्या मातीत उभा राहिलो आणि तू शिकवलंस तसं तुडवायला लागलो, आधी टाच, मग चवडा. मुकादम ओरडला, "पागल हो गया क्या?" डोळ्यांत पाणी आलं, पण थांबलो नाय. मग वाकून ठसे बघितले. डावी टाच उजवीपेक्षा कमी रुतते. पण रुतते, बाबा. दिवाळीला अजून वेळ हाय.

हे पत्र मी टाकणार नाय. मिळालं तर तू वडखळ नाक्यावर रिक्षा घेऊन उभा राहशील. ओळखतो मी तुला. नाक्यापासून मिठागरापर्यंत मी चालत येणार, आणि सरळ रांगेत घुसणार.

तुझ्याच हट्टाचा,
हरेश